मदत पोहोचेपर्यंतचे तास : गावकऱ्यांना आपत्तीचं प्रशिक्षण देतात म्हणजे नेमकं काय करतात?

मे-जून आला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते : तालुक्यात 'आपदा मित्रां'चं, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण पार पडलं. फोटोत लाइफ जॅकेट घातलेली पोरं, हातात दोर, मागे नदी किंवा तलाव. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, भोंगे वाजले, तेव्हाही अनेकांनी विचारलं की एनडीआरएफ आहे, लष्कर आहे, अग्निशमन दल आहे. मग शेतकऱ्याच्या पोराला किंवा सोसायटीतल्या काकूंना चार दिवस शिकवून असा काय फरक पडणार?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी एक गोष्ट पाहायला हवी. आपत्ती कोसळते त्या क्षणापासून पहिलं सरकारी पथक पोहोचेपर्यंत तिथे कोण असतं आणि ती माणसं काय करत असतात?

पहिले तास कोणाच्या हातात असतात?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या वेळी महाड शहर पाण्यात होतं, चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं होतं आणि रस्ते जागोजागी बंद होते. बचाव पथकं तळियेत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर जे काही उकरलं गेलं ते वाचलेल्या गावकऱ्यांनी आणि आसपासच्या वाड्यांतल्या माणसांनी, हाताला येईल त्या अवजाराने.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, चिखलातल्या पायवाटेने वर चढायचं, त्यामुळे जेसीबी तिथवर नेणं शक्यच नव्हतं. फावडी आणि कुदळी घेऊनच खोदावं लागलं. मदतीला चढणाऱ्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच मृत्यू झाला. माळीणचं तर, ३० जुलै २०१४ ला, गाव गाडलं गेल्याची वर्दी बाहेर गेली ती एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीवर आला तेव्हा गाव जागेवर नव्हतं.

हे दुर्गम भागातलं झालं, असं वाटेल. म्हणून जपानमधल्या कोबे शहराचं उदाहरण बघा. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला, ६,४३४ माणसं मेली. जगातलं अत्यंत शिस्तीचं अग्निशमन दल, रुंद रस्ते, पैसा, सगळं होतं. तरीही ढिगाऱ्यांत अडकलेल्या सुमारे ३५ हजार लोकांपैकी अंदाजे २७ हजारांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्य यांनी मिळून काढले सुमारे आठ हजार. ही पथकं कमी पडली यात त्यांचा दोष नव्हता. एकाच पहाटे शहरात शेकडो ठिकाणी आगी आणि पडझड झाली, तर कुठल्याही शहराचे बंब पुरणार नाहीत.

आपल्याकडे एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, याच्या १६ बटालियन आहेत. त्यातली पाचवी पुण्याजवळ सुदुंबरे इथे असते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या तुकड्या पूरप्रवण जिल्ह्यांत आधीच आणून ठेवतात, आणि त्याचा खूप उपयोग होतो. पण तुकडी जिल्ह्याच्या गावी असते, दरड तिसऱ्याच खोऱ्यात कोसळते आणि मधला रस्ता त्याच पावसाने वाहून नेलेला असतो.

इकडे शरीर काही पथकाची वाट पाहत नाही. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. श्वास थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली बहुतेक माणसं पहिल्या चोवीस तासांत निघालेली असतात. तिसऱ्या दिवसानंतर असं कुणी सापडलं की त्याची बातमी होते.

पण लोक आपणहून धावतातच की!

धावतात, आणि याचा अभिमान वाटावा असंच आहे. प्रश्न येतो तो नंतर. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला, तेव्हा कुणी बोलावलं नसताना हजारो सामान्य माणसं ढिगाऱ्यांवर चढली. त्यांनी जवळपास ८०० जणांना जिवंत बाहेर काढलं. आणि हे करताना त्यांच्यातलेच शंभरावर लोक मेले. अर्धवट लोंबकळणाऱ्या स्लॅबखाली शिरू नये, एक तुळई ओढली की वरचा सगळा भार सरकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने यातून धडा घेतला. आपलं शहरही भूकंपाच्या पट्ट्यात आहे, लोक आपल्याकडेही असेच धावणार, मग त्यांना निदान जीव न गमावता धावायला शिकवू, असं त्यांनी ठरवलं. तिथून नागरिकांच्या आपत्ती-पथकांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९९३ पासून तो अमेरिकाभर नेण्यात आला आणि पुढे अनेक देशांनी आपापल्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करून घेतले.

आपल्याकडची जखम जवळची आहे. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णेच्या पुरातून लोकांना सोडवून आणणारी होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. त्यात बायका आणि मुलं होती. होडीत झेपतील त्याहून कितीतरी जास्त लोक बसले होते. पुराच्या पाण्यात गावाची होडी घेऊन निघणाऱ्याच्या हिमतीबद्दल शंकाच नाही. पण होडीत किती माणसं बसवायची, बाकीच्यांना 'पुढच्या फेरीला या' असं कोणी आणि कसं सांगायचं, लाइफ जॅकेट नसेल तर काय वापरायचं, हे आधी ठरलेलं आणि घोटलेलं असावं लागतं. घाबरलेल्या, रडणाऱ्या माणसांसमोर ते पहिल्यांदा ठरवायला गेलं तर जमत नाही.

म्हणून माझ्या मते या प्रशिक्षणाचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे थांबायला शिकणं. कुठे हात घालायचा नाही, कधी मागे फिरायचं, कोणाला आधी उचलायचं. धाडस लोकांकडे असतंच, त्याला क्रम लावून द्यावा लागतो.

वर्गात शिकवतात काय?

बरंच काही, पण दोन-तीन गोष्टी बारकाईने सांगतो, म्हणजे याचं स्वरूप कळेल.

पहिली, ढिगारा. भिंतीचा तुकडा कोणाच्या मांडीवर पडला आहे. आपली पहिली ओढ असते ती दहा जणांनी मिळून 'हईशा' करून तो उचलायची. प्रशिक्षणात वेगळं करून दाखवतात. आधी सगळ्यांना मागे घ्यायचं आणि एका माणसाने फिरून बघायचं : वर काय लोंबतंय, गॅसचा वास येतोय का, विजेची तार पडली आहे का. मग पहार घ्यायची, तिच्याखाली दगडाचा किंवा लाकडाचा टेकू लावायचा आणि इंचभर, फक्त इंचभर, भार उचलायचा. उचलला की लगेच लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून त्या फटीत सरकवायचे. पुन्हा इंचभर उचलायचं, पुन्हा ठोकळा. पहार निसटली तरी भार ठोकळ्यांवर बसतो, माणसावर येत नाही. एक जण सतत अडकलेल्याच्या डोक्याशी बसून त्याच्याशी बोलत राहतो. पुरेशी जागा झाली की ओढायचं, तेही मान आणि पाठ सरळ ठेवून. याला लागतं काय? पहार, दहा-पंधरा लाकडी ठोकळे, आणि एका वेळी एकाच माणसाचा हुकूम ऐकणारे चार जण.

याच्यातलीच एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. माणूस कित्येक तास जड भाराखाली दबला असेल, तर दबलेल्या स्नायूंत घातक द्रव्यं साठतात. भार एकदम काढला की ती रक्तात मिसळतात, हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडं निकामी होतात. तोपर्यंत बोलत असलेला माणूस सुटका झाल्यावर काही मिनिटांत जातो आणि लोकांना कळतच नाही काय झालं. म्हणून शिकवतात की किती वाजल्यापासून अडकला आहे ते लिहून ठेवा, आणि फार वेळ झाला असेल तर शक्यतो डॉक्टरला किंवा १०८ च्या पथकाला गाठून, त्याला सलाईन देण्याची सोय झाल्यावर सोडवा. हे एवढं ठाऊक असलेला एक माणूस गावात असला तरी फरक पडतो.

दुसरी गोष्ट पाणी. बुडणाऱ्याला वाचवायचा क्रम साधा आहे : काठावरून हात किंवा काठी देता येत असेल तर द्या, नाहीतर दोर फेका, तरंगणारं काहीतरी फेका, नाहीतर होडी न्या, आणि पाण्यात उडी मारणं हे सगळ्यात शेवटी, तेही कमरेला दोर बांधून आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्यांच्या हातात देऊन. पट्टीचे पोहणारेही बुडणाऱ्याच्या मिठीत सापडून जातात. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, हवा भरलेली ट्रकची ट्यूब, एकत्र बांधलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, यांच्यावर माणूस तरंगतो. त्या कशा बांधायच्या हे हाताने करून घेतात. आणि वाहत्या पाण्याबद्दल एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात : गुडघ्याएवढं जोराचं पाणीसुद्धा उभ्या माणसाला पाडतं, त्यामुळे पुलावरून पाणी जात असताना 'एवढंसं तर आहे' म्हणून गाडी घालायची नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. वीस जखमी, मदतीला दोघं. आधी कोणाकडे जायचं? साहजिकच आपण मोठ्याने ओरडणाऱ्याकडे जातो. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो; गप्प पडलेला मरत असू शकतो. म्हणून एक झटपट पद्धत शिकवतात, प्रत्येक जखमीला निकडीप्रमाणे एक रंग ठरवून द्यायची. जे चालू शकतात त्यांना हाक मारून एका बाजूला बोलवायचं. ते हिरवे, थांबू शकतात. उरलेल्यांकडे एकेक करून जायचं, प्रत्येकाला मिनिटभराहून कमी वेळ. श्वास बघायचा : मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी दवाखान्यात. मग नख दाबून सोडायचं, लाली परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर लाल. मग म्हणायचं, 'माझा हात दाबा'. दाबता आला नाही तर लाल. तिन्ही ठीक असेल तर पिवळा, म्हणजे थोडा वेळ हातात आहे. आणि जो श्वासच घेत नाही, मान मागे करून श्वासमार्ग मोकळा केल्यावरही घेत नाही, तो काळा. त्याला सोडून पुढे जायचं.

या शेवटच्या वाक्यावर लोक अडतात. ओळखीचा माणूस, कदाचित आपल्याच भावकीतला, त्याला सोडून पुढे जायचं? पण त्या एकावर अर्धा तास घालवला तर तेवढ्यात दुसऱ्या तिघांचं रक्त वाहून जाईल. हा निर्णय त्या क्षणी कोणाच्याही मनाला पेलत नाही. आधी वर्गात बसून त्यावर बोलणं झालं असेल, नियम आधीच मान्य केलेला असेल, तर निदान हात थिजत नाहीत. नंतर येणाऱ्या मानसिक ताणाबद्दलही चांगले प्रशिक्षक बोलतात. स्वयंसेवकाला रात्री झोप न लागणं, तेच दृश्य दिसत राहणं हे होतं, आणि त्यासाठी मदत घ्यायला लाजायचं नसतं.

याशिवाय रक्तस्राव थांबवणं, छाती दाबून हृदय चालू ठेवणं, आग विझवण्याचा सिलिंडर वापरणं, पाणी घरात शिरण्याआधी विजेचा मुख्य स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, चादर आणि दोन बांबूंची झोळी करून माणूस नेणं, असं बरंच असतं.

सगळ्यांनी सगळं करायचं का?

नाही, आणि इथेच बहुतेक गावांची गाडी अडते. गावजेवणाची पंगत आठवा. शंभर माणसं राबत असतात, पण भात कोण वाढणार, पाणी कोणाकडे, ताटं कोण उचलणार हे ठरलेलं असतं; आणि कोठीच्या दारात एक अनुभवी माणूस बसलेला असतो, त्याला विचारल्याशिवाय आतलं भांडं हलत नाही. त्याने स्वतः वाढायला घेतलं तर पंगतीचा विचका होतो. आपत्तीत गावाला नेमका असा एक माणूस लागतो, जो स्वतः ढिगाऱ्यावर चढत नाही. तो वहीत लिहितो : कोणती घरं तपासली, कोणती राहिली, कोण सापडलं, कोण कोणाबरोबर कुठे गेलं. पथक आलं की ते पहिलं याच्याकडे येतं. 'या चार घरांत माणसं आहेत, ते घर रिकामं आहे, घरातले पुण्याला गेलेत' एवढी माहिती मिळाली तर पथकाचे कित्येक तास वाचतात. रिकामं घर खोदण्यात गेलेला वेळ शेजारच्या घरातल्या माणसाचा असतो.

आपल्याकडे योजना काय आहे?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं. राष्ट्रीय प्राधिकरणाने 'आपदा मित्र' योजना आधी २५ राज्यांतल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत करून पाहिली, जिल्ह्यामागे २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक. मग ती ३५० जिल्ह्यांत वाढवून एक लाख स्वयंसेवकांचं लक्ष्य ठेवलं. प्रशिक्षण बारा दिवसांचं असतं. त्यानंतर हेल्मेट, बूट, टॉर्च, शिट्टी, लाइफ जॅकेट, प्रथमोपचार पेटी असा संच मिळतो आणि विमाही असतो. आता 'युवा आपदा मित्र' या नावाने एनसीसी, एनएसएस, स्काऊट-गाइड यांच्यातल्या सव्वादोन लाखांहून अधिक तरुणांना शिकवायचं ठरलं आहे.

आकडे चांगले आहेत. पण एक लाख माणसं ३५० जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्यामागे तीनशेच्या आसपास पडतात, आणि आपल्या एका जिल्ह्यात हजार-दीड हजार गावं असू शकतात. म्हणजे बहुतेक गावांत या योजनेतला एकही माणूस नसणार. त्यामुळे आपदा मित्राने फक्त स्वतः शिकून भागत नाही, त्याने आजूबाजूच्या चार गावांना शिकवलं तरच हिशोब जमतो. योजनेचं यश मोजायचं तर मी तरी हेच विचारेन की प्रशिक्षणानंतरच्या वर्षभरात या माणसाने आणखी किती जणांच्या हातात दोर दिला.

लाटेआधी निरोप

आतापर्यंत ढिगारा आणि पूर यांबद्दल बोललो, कारण ते डोळ्यांपुढे येतं. पण जीव सगळ्यात जास्त वाचतात ते त्याआधीच्या कामाने. १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन ते पाच लाख माणसं मेली. त्यानंतर तिथल्या सरकारने आणि रेड क्रॉसने मिळून किनाऱ्यावरच्या गावांतच स्वयंसेवक उभे केले. कामं अगदी साधी : इशारा आला की खांबावर निशाणं चढवायची, कर्णा घेऊन दारोदार फिरायचं, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात न्यायचं. १९९१ च्या वादळात तरीही जवळपास १ लाख ३८ हजार माणसं गेली. मग निवारे वाढवले, बांध बांधले, स्वयंसेवक वाढवले. २००७ च्या 'सिद्र' वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. आज तिथे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत.

ओडिशाने हेच आपल्या देशात करून दाखवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली होती. २०१९ मध्ये 'फणी' आलं तेव्हा जवळपास १२ लाख लोकांना आधीच हलवलं, मृत्यू झाले ६४. त्याच राज्यातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावं २०२० मध्ये युनेस्कोच्या निकषांवर 'त्सुनामीला सज्ज' ठरली. प्रत्येक घराला पळायची वाट माहीत, ती नकाशावर काढलेली आणि पायांनी चालून पाहिलेली.

आपल्या कृष्णाकाठाकडे या दृष्टीने एक मोठी शिदोरी आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं. अडचण अशी असते की इतक्या फुटांना आपल्या गल्लीत, आपल्या उंबऱ्याला पाणी कधी येणार हे प्रत्येकाला ठाऊक नसतं. ते शोधून घराघराच्या भिंतीवर खूण करून ठेवणं हेही प्रशिक्षणाचंच काम आहे. डोंगराखालच्या वाडीत खुणा वेगळ्या : उतारावर नव्याने पडलेली भेग, वाकलेली झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा थांबणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागणं. हे दिसलं आणि पाऊस लागून राहिला असेल तर त्याच रात्री बाहेर पडायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

हे तर सरकारचं काम!

आहेच. कायद्यात जिल्हा प्राधिकरणाच्या कामांमध्ये लोकांचं प्रशिक्षण आणि जागृती हेसुद्धा लिहिलेलं आहे. त्यामुळे प्रशिक्षण मागणं म्हणजे सरकारला जबाबदारीतून मोकळं करणं नव्हे. उलट त्याच्याकडून कायद्याने देणं असलेली गोष्ट वसूल करणं आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीत सज्जता आणि क्षमताबांधणीसाठी दहा टक्के हिस्सा वेगळा ठेवायची शिफारस केली होती. मात्र एक भीती खरी आहे. प्रशिक्षित स्वयंसेवक मिळाले म्हणून धोकादायक वाडीचं पुनर्वसन लांबणीवर टाकायचं, असं होऊ नये. दरडीखालच्या घराला दोर आणि हेल्मेट हा पर्याय होऊच शकत नाही. ते घर हलवायलाच हवं.

अर्धवट शिकलेले जास्त नुकसान करतील

मेक्सिको आणि ब्रह्मनाळ दोन्हीकडे लोक न शिकलेले होते, हे लक्षात घ्या. लोक तसेही धावणार आहेत. पण आक्षेपात तथ्य आहे ते विसरण्याबद्दल. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच बोथट होतं. दोराच्या गाठींचंही तसंच. एकदा बारा दिवस शिकवून प्रमाणपत्र दिलं आणि पुढे पाच वर्षं कुणी विचारलं नाही, तर ते प्रमाणपत्र भिंतीवर राहतं आणि आत्मविश्वास तेवढा डोक्यात राहतो, हा मेळ खरोखर धोकादायक आहे. वर्षातून दोनदा अर्धा दिवस सराव, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, एवढं झालं नाही तर बाकीचा खर्च वाया जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

गावात तरुण उरलेत कुठे?

कोकणात आणि डोंगरी तालुक्यांत हा प्रश्न खोटा नाही. दिवसा गावात असतात बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. मग त्यांनाच शिकवायचं. १९९१ च्या वादळात बांगलादेशात बायका आणि मुलं पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त मेली. निरोप पुरुषांकडून पुरुषांकडे जायचा, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी सोय नव्हती, नवरा घरी नसताना घर सोडायला त्या कचरत. आज तिथल्या स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत.

महाराष्ट्राला यासाठी बाहेर बघायचीही गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लातूर-धाराशिव भागातली गावं झोपली होती, आणि दगडमातीच्या जाडजूड भिंती त्यांच्यावर आल्या. त्यानंतरच्या पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. भूकंपाला टिकणारी भिंत कशी बांधायची, जुन्या भिंतीला मजबुती कशी द्यायची, शासनाचं अनुदान कसं मिळवायचं, हे त्या शिकल्या आणि शिकवत फिरल्या. जानेवारी २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यातल्या काही जणी तिथल्या बायकांना धीर आणि माहिती द्यायला गुजरातेत गेल्या. एकेकाळी घराबाहेर फारशा न पडलेल्या या बायका होत्या.

मदत करताना कुणी दगावलं तर?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. रस्त्यावरच्या अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ७३ सरकार किंवा प्राधिकरणाच्या वतीने सद्भावनेने काम करणाऱ्यांना संरक्षण देतं. म्हणूनच स्वयंसेवकाचं नाव जिल्ह्याच्या यादीत रीतसर असणं, त्याच्याकडे ओळखपत्र असणं महत्त्वाचं आहे. विम्याचाही संबंध त्याच यादीशी येतो.

आणि शहरात?

शहरात शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, हीच मुख्य अडचण. वीस मजली इमारतीत आग लागली तर कोणत्या घरात एकटी आजी आहे, कोण व्हीलचेअरवर आहे, ऑक्सिजनवर कोण आहे, याची यादी किती सोसायट्यांकडे आहे? अग्निशमनाच्या नळाला पाणी येतं का, जिन्यात चपलांची कपाटं ठेवली आहेत का, गच्चीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हे बघायला कुठलंही पथक लागत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. पण बंद गाड्यांमध्ये काही जण गुदमरून गेले. पाणी वाढायला लागलं की काच खाली घ्या, गाडी सोडा आणि उंचावर जा, ही एक ओळ ज्याला आधीपासून माहीत होती तो वाचला.

सुरुवात कुठून करायची?

जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो, त्याचा दूरध्वनी १०७७. तिथे विचारा की आपल्या तालुक्यात आपदा मित्र कोण आहेत आणि पुढचं प्रशिक्षण कधी आहे. मग ग्रामसभेत विषय घ्या. मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत : गावातल्या दहा-पंधरा जणांची, त्यात निम्म्या बायकांची, नावं, दोर, पहारी, ठोकळे, टॉर्च, कर्णा, झोळी आणि लाइफ जॅकेट यांची एक पेटी, एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आणि गरोदर माणसांची दर मे महिन्यात नव्याने केलेली यादी, आणि सरावाच्या दोन तारखा. पेटी ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद खोलीत ठेवणार असाल तर किल्ल्या तीन करा. ग्रामसेवक बहुधा दुसऱ्या गावात राहतात, म्हणून त्यातल्या दोन किल्ल्या तरी रात्री गावातच झोपणाऱ्यांकडे असू द्या.